चापाला बोट नव्हतं

त्या गुरुवारी सकाळी आई आणि बाबा एका शर्टावरून भांडत होते.

"ही उजवी बाजू बघा," आईने शर्ट खिडकीच्या उजेडात धरला. "कमरेपाशी नुसती जाळी झालीय. आणि डावी बाजू कोरी करकरीत. असे दोन शर्ट मधोमध फाडते आणि दोन्ही डाव्या बाजू जोडून एक शिवून देते. चालेल?"

"मग बटणं कुठे येतील?"

"पाठीवर. पाहुणीला सांगा लावून द्यायला."

पाहुणी म्हणजे बाबांच्या उजव्या कमरेचं पिस्तूल. बँकांची रोकड गाड्यांतून नेणाऱ्या एका एजन्सीत बाबा एकतीस वर्षं हत्यारं दुरुस्त करत होते. तिथे त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. पाळी संपली की गार्ड आपापलं पिस्तूल खिडकीतून आत देत. बाबा ते रिकामं करत, पुसत, कपाटात ठेवत. एखाद्या पिस्तुलाबद्दल कुणी तक्रार केली, तर ते लगेच खोलायचं नाही, ही त्यांची पद्धत. खोलून दोन भाग पुसले की खोड लपते, असं ते म्हणत. ते आधी पंधरा दिवस स्वतःच्या कमरेला लावायचं, त्याच्यासोबत उठायचं, बसायचं, वाकायचं. तेही भरलेलं, नळीत गोळी असलेलं, गार्ड बाळगतात अगदी तसंच.

"ज्या स्थितीत पोरांच्या कमरेला देतो त्याच स्थितीत माझ्या कमरेला," ते म्हणायचे. "रिकामं पिस्तूल काय, सगळ्यांशीच गोड वागतं."

या पाहुणीचा क्रमांक सतरा होता आणि पंधरा दिवसांची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

"किती दिवस राहणार आहे अजून?" आईने विचारलं.

"खरं बोलेपर्यंत." बाबांनी पट्टा आवळला, मग माझ्याकडे वळले. "संपादकीणबाई, माझ्या पत्राचं उत्तर?"

"नाही आलं."

"पाच आठवडे झाले. तू नीट लिहिलं होतंस ना?"

"नीटच लिहिलं होतं, बाबा."

"मग येईल. मोठी कंपनी आहे, त्यांच्याकडे तक्रारींनाही रांगेत उभं राहावं लागत असणार." त्यांनी आईच्या हातातला जाळीदार शर्टच अंगात घातला. ती काही बोलणार एवढ्यात म्हणाले, "हवा खेळती राहते," आणि गेले.

दुपारी चारच्या सुमाराला कार्यशाळेत त्यांच्या हातून एक स्क्रू पडला. तो उचलायला ते बाकाखाली वाकले. पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये असतानाच गोळी सुटली आणि मांडीतली मोठी रक्तवाहिनी फाडून गेली. रुग्णालय आठ मिनिटांवर होतं. त्यांना तेवढी मिनिटं मिळाली नाहीत.

*

पोलिसांच्या कागदावर 'स्वतःच्या हातून घडलेला अपघात' असं लिहिलं गेलं. पिस्तूल बनवणाऱ्या कंपनीने आणखी मोजक्या शब्दांत सांगितलं. या पिस्तुलाचा चाप दाबल्याशिवाय गोळी सुटू शकत नाही. गोळी सुटली आहे. म्हणजे चाप दाबला गेला आहे.

आम्ही कंपनीवर दावा लावला. आईला त्यातून एकच गोष्ट हवी होती. बाबांनी चापाला हात लावला नव्हता, एवढं कुणीतरी अधिकाराने लिहून द्यावं. "एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या त्या माणसाने," ती वकीलबाईंना म्हणाली. "शेवटी त्याच्याच नावावर चूक नको."

मी मात्र तोवर संशयाला लागले होते. एखाद्याला व्यसन लागावं तशी.

पहिला संशय एजन्सीच्या साहेबांवर. ते बाबांच्या वस्तूंचं खोकं घेऊन स्वतः घरी आले. त्यात चष्मा होता, तेलाची कुपी होती, आईने दिलेला डबा धुऊन पुसून ठेवलेला होता. डबा कुणी धुतला, आणि इतका स्वच्छ का, असं माझ्या मनात आलं. बाबांची खिशातली वही त्यात नव्हती. प्रत्येक पाहुणीची वागणूक ते त्या वहीत रोज टिपून ठेवत.

"वही?" साहेब म्हणाले. "मला जे मिळालं ते सगळं आणलंय. माझ्यावर विश्वास ठेवा."

असं म्हणणाऱ्या माणसावर कुणी विश्वास ठेवतं का?

दुसरा संशय उंटावर. उंट हा एजन्सीचा गार्ड. मान इतकी लांब की गाडीत बसला की टोपी छताला लागायची. सतरा क्रमांकाचं पिस्तूल आधी त्याच्याकडे होतं. गाडीतून उतरताना ते सुटलं आणि गोळी टायरमध्ये घुसली. गाडी एका बाजूला बसली आणि रस्त्यावरचे लोक हसले. त्याचा एक हात दांडीवर होता. दुसरा मोकळा होता ना, मग त्यानेच चाप ओढला, असं म्हणून साहेबांनी त्याला घरी बसवलं. विश्वास ठेवला तो एकट्या बाबांनी. "खोटं बोलणारे गार्ड मी पोत्याने पाहिलेत," ते म्हणाले होते. "ते आधी कारण घेऊन येतात. या बिचाऱ्याला कारणच सापडत नाहीये."

मी त्याच्या घरी गेले तेव्हा त्याने दार अर्धंच उघडलं.

"साक्ष द्याल?"

"ताई, मला आत्ता कुठे परत कामावर घेतलंय."

"बाबांनी तुमच्यासाठी ते पिस्तूल अंगावर वागवलं."

"ठाऊक आहे हो." तो जिन्यात आला आणि दार ओढून घेतलं. "मी मिस्त्रींना हजारदा सांगितलं, खोला ते, तुकडे करा त्याचे. तर म्हणाले, तुकडे केले तर तुझं म्हणणं खरं कसं ठरणार?" तो कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिला. "मला रात्री झोप येत नाही. तुम्हाला येते?"

या प्रश्नाचं मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. त्याला काहीतरी माहीत आहे, असं मात्र मी घरी येऊन सांगितलं.

तिसरा संशय दादावर. तो एवढंच म्हणाला होता, "बाबांचा हात हल्ली थरथरायचा. तूही बघितलंयस."

"म्हणजे? त्यांनी चाप दाबला?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

"तू सगळ्यांची उलटतपासणी घेत सुटलीयस," दादा म्हणाला. "आईने भाजी जरा खारट केली तरी तुला त्यात कट दिसेल."

मी त्याच्याशी नऊ दिवस बोलले नाही. त्याचं थरथरत्या हाताचं वाक्य मला इतकं झोंबायचं कारण मला माहीत होतं. तेच वाक्य बाबा असतानाच माझ्या डोक्यात येऊन गेलं होतं.

*

कंपनीच्या तज्ज्ञाने पिस्तुलाची तपासणी आमच्या समोर केली. पांढऱ्या भिंतींची खोली. लोखंडी टेबलावर शिकंजा, त्यात आवळलेला सतरा क्रमांक, आणि एक रबरी हातोडा. तज्ज्ञाने पिस्तुलात फक्त ठोक्याने पेटणारी टोपी असलेलं, बिनगोळीचं काडतूस भरलं आणि ठोकायला सुरुवात केली. वरून पंचवीस, मागून पंचवीस, दोन्ही बाजूंनी पंचवीस पंचवीस. शंभर ठोके झाले तरी पिस्तूल गप्प. पट्टीचा साक्षीदार असावा, तसं.

"झालं समाधान?" कंपनीच्या वकिलाने विचारलं. त्याचा आवाज मृदू होता आणि नखं फार नीट कापलेली होती. त्याचाही मला संशय आला, पण नखांवरून काही सिद्ध होत नाही.

आमच्या वकीलबाई बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ते शिकंज्यात घट्ट धरून ठोकतात. अंगावर असताना ते कसं दाबलं जातं, कुठून, हे कुणीतरी नेमकं सांगायला हवं. तुमच्या वडिलांना ते सापडलं होतं का?"

"वहीत असेल," मी म्हटलं. "वही साहेबांनी दाबलीय."

"त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं होतं म्हणता ना? त्याचा कच्चा खर्डा?"

"राहिला नाही."

मी हे इतक्या सहज म्हटलं की त्यांनी पुढे विचारलंही नाही.

खर्डा माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होता, एका जाड शब्दकोशात.

तो असा आला. बाबा गेले त्याच्या पाच-सहा आठवडे आधी एका संध्याकाळी मी मुद्रितं तपासत बसले होते. मी एका प्रकाशनसंस्थेत दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करते. बाबा समोर येऊन बसले. रिकामं केलेलं पिस्तूल त्यांनी एका पुस्तकावर ठेवलं. मी म्हटलं, तिथे नको, तेलाचा डाग पडेल. त्यांनी ते उचलून स्वतःच्या मांडीवर धरलं.

"हे बघ. चापापासून बोट लांब. आता अंगठा इथे."

आतून बारीकसं 'टक्' वाजलं.

"ऐकलंस?"

"हं," मी म्हटलं. माझं लक्ष एका परिच्छेदात होतं आणि तो परिच्छेद आज मला आठवतही नाही.

मग त्यांनी पेन्सिलीने लिहिलेला कागद पुढे केला. ठसठशीत अक्षर, खालची ओळ जराशी उतरती. "हे नीट टाईप करून कंपनीला पाठव. शुद्धलेखन बघ. बाकी जसंच्या तसं."

मी वाचलं आणि मला हसू आलं. एखाद्या कंपनीला असं कुणी लिहितं? कसली नम्रता नाही, कसला आडपडदा नाही. आणि एकदम असं विधान, की पिस्तूल आपोआप सुटतं. आमच्या संस्थेत असं विधान आलं की समासात प्रश्नचिन्ह टाकायची मला सवय. मला वाटलं, बाबांचा हात हल्ली थरथरतो, त्यांचं त्यांनाच कळत नसेल. आणि मग हसं होईल म्हातारपणी. मी लाल पेन घेतलं.

दुसऱ्या दिवशी छापील पत्र सहीसाठी पुढे ठेवलं तेव्हा त्यांचा चष्मा दुसऱ्या खोलीत होता.

"आणू?"

"कशाला? तू लिहिलंयस म्हणजे बघायला नको," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

*

सुनावणीच्या आदल्या दुपारी वकीलबाईंनी मला कंपनीने सादर केलेल्या कागदांच्या प्रती दिल्या. त्यात ते पत्र होतं. म्हणजे त्यांना ते मिळालं होतं. बाबांनी पाच आठवडे वाट पाहिली, ते उत्तर द्यायचं नाही असं तिथे पहिल्याच आठवड्यात ठरलं होतं. पत्राच्या कोपऱ्यात ते पोचल्याची तारीख आणि तिच्याखाली कुणीतरी हाताने लिहिलेल्या दोन ओळी होत्या.

*वापरणाऱ्याची चूक. स्वतःच मान्य केली आहे.*
*प्रकरण बंद.*

शिवाय पत्रातल्या एका वाक्याखाली कंपनीच्या वकिलाने पिवळी रेघ ओढली होती. 'हाताळताना चापाला स्पर्श झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' दुसऱ्या कुणाच्या लेखनात मी हे वाक्य ठेवलं नसतं. त्यातून काहीच कळत नाही, म्हणून कापून टाकलं असतं.

घरी आले तर आई स्वयंपाकघरात बसली होती. समोर ताटात काळपट तपकिरी काहीतरी ठेवलेलं. मला आधी कळलं नाही. मग तार दिसली, वहीची.

"तुझ्याकडे कुठून आली?"

"त्या दिवशी रुग्णालयात त्यांचे कपडे मला दिले ना. पँटच्या खिशात होती." आईने तिला हात लावला नाही. "मला वाटलं वाळली की उघडेल. रोज बघते. पानं चिकटलीत. सुरीने सोडवायला गेले तर भुगा होतो."

"आई, मी साहेबांना चोर म्हटलंय. वकीलबाईंसमोर."

"मला काय माहीत तू कुणाकुणाला काय म्हटलंयस. आणि ही कुणाला दाखवायची म्हटलं तर ते घेऊन जातील. माझ्याकडे त्यांच्या अक्षरातलं दुसरं काय आहे? वाणसामानाच्या याद्यासुद्धा मीच लिहायचे."

मग तिने माझ्याकडे बघितलं. आईचं ते बघणं मला लहानपणापासून ओळखीचं. बरणीतला खाऊ कमी झाला की ती कुणालाच काही विचारायची नाही, फक्त असं बघायची.

"ते पत्र तूच टाईप केलंस ना?"

"हो."

"त्यांनी लिहून दिलेला कागद?"

"नाही राहिला."

"बरं," आई म्हणाली आणि ताटावर झाकण ठेवलं.

मी खोलीत जाऊन शब्दकोश उघडला. कागद तसाच होता. पेन्सिलीवर माझं लाल. चार ओळी मी आडव्या खोडल्या होत्या, आणि अगदी सरळ, पट्टी धरून. त्या रेघांखालून बाबांचं अक्षर स्वच्छ वाचता येत होतं. वकीलबाईंना जे हवं होतं, वहीत जे जाऊन चिकटलं होतं, ते सगळं त्या चार ओळींत होतं. कुठे दाबायचं, कोणत्या बोटाने, किती वेळा करून बघितलं. कंपनीच्या तज्ज्ञाने शंभर ठोके घातले तेव्हा मला माझ्या टेबलापाशी वाजलेलं ते 'टक्' आठवलं होतं, आणि तरीही मी तोंड उघडलं नव्हतं.

*

सुनावणीची खोली लहान होती. लांब टेबल, पाण्याचा जग, खरखरणारा मायक्रोफोन, कोपऱ्यात लेखनिक. आई आणि दादा मागच्या रांगेत. दाराजवळ साहेब. त्यांच्या पलीकडे मान किंचित वाकवून उंट बसला होता. तो आला होता.

मला पत्र ओळखण्यासाठी बोलावलं होतं. कंपनीचा वकील उठला.

"हे पत्र तुम्ही पाठवलंत?"

"हो."

"सही वडिलांची?"

"हो."

"तुमचे वडील अनुभवी होते. शब्द जपून वापरत असतील."

"थोडेच वापरायचे."

"तर मग हे वाक्य. 'हाताळताना चापाला स्पर्श झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' अतिशय प्रामाणिक वाक्य आहे. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो." त्याने कागद खाली ठेवला. "हे त्यांचंच म्हणणं आहे ना?"

'हो' म्हणणं सोपं होतं. सही त्यांची होतीच. 'हो' म्हटलं असतं तर मी आज्ञाधारक मुलगी आणि बाबा सज्जन म्हातारे ठरलो असतो, चूक झाली तरी ती कबूल करणारे. आईला कधी कळलं नसतं. मायक्रोफोन खरखरला.

"नाही," मी म्हटलं.

"माफ करा?"

"ते वाक्य माझं आहे."

वकीलबाईंनी मान वर केली. मी पिशवीतून शब्दकोश काढला आणि त्यातला कागद. तो टेबलावर, छापील पत्राशेजारी ठेवला.

"हा त्यांचा खर्डा आहे. लाल रेघा माझ्या."

"इतके दिवस हा कुठे होता?" कंपनीच्या वकिलाचा आवाज आता तितकासा मृदू नव्हता.

"माझ्याकडे. मी सगळ्यांना सांगितलं की नाही राहिला. आईलाही."

"खोडलंय ते वाचा," न्यायाधीश म्हणाले. "मोठ्याने. नोंद होतेय."

मी वाचलं.

"'पिस्तूल क्रमांक सतरा आपोआप सुटतं. चापाला बोट नव्हतं. वरचा सरकता भाग उजवीकडून अंगठ्याने दाबून धरला आणि मागून हलका धक्का दिला, की पिनेला अडवणारा आतला खटका निसटतो. नऊ वेळा करून बघितलं, चार वेळा निसटला. शिकंज्यात धरून दिसणार नाही, हातात धरून बघा. अशी पिस्तुलं आणखी किती जणांच्या कमरेला आहेत ते लगेच कळवा.'"

लेखनिकाची बोटं थांबली. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, दादाचा असावा. मी मागे वळून बघितलं. बोलायचं होतं ते आईशीच होतं.

"बाबांनी मला हे करूनसुद्धा दाखवलं, आई. माझ्या टेबलापाशी. मी वर बघितलं नाही. मला वाटलं, त्यांचंच बोट लागलं असेल. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही."